खोडलेलं नाव तिथेच राहू द्या

या आठवड्याचं पत्र मालवण तालुक्यातून आलं आहे. थोडं आखडून देते.

«वय 46, शिक्षण बारावी. समुद्राकाठच्या वाडीत घर आहे, निवास-न्याहरीच्या दोन खोल्या आहेत, हंगामात जेवणंही करते. दोन वर्षांपूर्वी एका पाहुण्या मुलीने माझ्या फोनवर आयनॅचरलिस्ट घालून दिलं, जिवांचे फोटो टाकून त्यांची नावं लोकांकडून पक्की करून घ्यायचं ॲप. तेव्हापासून ओहोटीला खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवर, जायचं आणि दिसेल त्या जिवाचा फोटो काढून टाकायचा, हा नाद लागला. तीनशेच्या वर नोंदी झाल्या. चार महिन्यांपूर्वी फजिती झाली. जांभळ्या कडेचा एक सुंदर जीव मी समुद्री गोगलगाय म्हणून टाकला. एका जाणत्या गृहस्थांनी खाली इंग्रजीत लिहिलं, ही गोगलगाय नाही, चपटा कृमी आहे, टाकण्याआधी तपासत जा. कोणीतरी त्याचा स्क्रीनशॉट आमच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला आणि सगळे हसले. आणखी एका मुलाने, किती लांब होता, पोहत होता का, असं काहीतरी विचारलं होतं, पण मी नोंदच पुसून टाकली. त्यानंतर ॲप उघडलं नाही. सासूबाई म्हणतात, 'कालवां काढलंस तर सार तरी होतला, फोटोचा काय करतलंस?' मुलगा विचारतो, याची डिग्री मिळणार आहे का? आता वाटतं, सगळ्याच नोंदी पुसून मोकळं व्हावं. मी काही शिकले का, की दोन वर्षं फुकट घालवली? आणि पाहुणे म्हणतात खडप दाखवा, तर दाखवायचा मला अधिकार आहे का? — खडपावरची»

खडपावरच्या ताई,

आधी एक विनंती. हे वाचून होईपर्यंत काही पुसू नका.

तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय आणि माझं मन तिथेच अडकलं. 'आणखी एका मुलाने, किती लांब होता, पोहत होता का, असं काहीतरी विचारलं होतं.' त्या गृहस्थांचं बोलणं तुम्हाला शब्दन् शब्द पाठ आहे, गटावर कोण कोण हसलं तेही बहुतेक पाठ असेल. या मुलाचं मात्र 'असं काहीतरी'. ताई, त्या दिवशी त्या नोंदीखाली तुम्हाला शिकवायला एकच माणूस आला होता आणि तो हा. तुमचा जीव कोणता हे गृहस्थांनी सांगितलं. या मुलाने तुम्ही काय पाहिलंत ते विचारलं. फोटोत सगळं दिसत नाही. तो किती मोठा होता, सरपटत होता की कडा हलवत पाण्यातून जात होता, हे साऱ्या जगात फक्त तुम्हाला ठाऊक होतं. आणि उत्तर न देताच तुम्ही दार लावून घेतलंत.

दार का लावलंत ते मला कळतं. माझंही झालंय. पन्नाशी उलटल्यावर मी पक्षी बघणाऱ्यांच्या गटात शिरले. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर घारींचा सुकाळ, म्हणून सुरुवात तिथूनच केली. एका तपकिरी पक्ष्याचा फोटो टाकला आणि खाली ठोकून दिलं, 'साधी घार'. वीस मिनिटांत कोणीतरी विचारलं, 'शेपूट कशी होती?' बस, एवढंच. मला राग आला. घारीला शेपूट असते तशी होती, आणखी कशी असणार! पण रात्रभर ते डोक्यात राहिलं, कारण मी शेपूट बघितलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं तर साध्या घारीच्या शेपटीला मधे खाच, आणि माझ्या पक्ष्याची शेपूट पंख्यासारखी गोल. ते ब्राह्मणी घारीचं पिल्लू होतं. पांढरं डोकं आणि विटकरी अंग त्यांना वयाने येतं, तोवर ती अशीच मळकी असतात. एवढी वर्षं त्या जेटीवर मासळी घेत होते मी. वर मान करून एकदाही शेपूट पाहिली नव्हती.

आता तुमच्या कृमीकडे येते. या चुकीची लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही, कारण ही चूक त्या खडपावर जाणारा जवळजवळ प्रत्येक नवा माणूस करतो. काही चपटे कृमी रंगाने बिनशंखाच्या समुद्री गोगलगायीची हुबेहूब नक्कल करतात. त्या गोगलगायी पुष्कळदा विषारी किंवा चवीला घाण असतात, मासे त्यांच्या वाटेला जात नाहीत. तेव्हा तसंच दिसण्यात कृमीचा फायदा असतो. मासे फसतात तिथे तुम्ही फसलात तर काय झालं?

फरक कसा ओळखायचा ते सांगते, म्हणजे पुढच्या वेळी पाण्यापाशीच बसल्या बसल्या बघता येईल. तुम्ही बहुधा जी गोगलगाय समजलात तिच्या डोक्यावर दोन शिंगं असतात, स्वतंत्र उभी. धोका वाटला की ती आत ओढून घेते. पाठीवर मागच्या बाजूला फुलासारखा तुरा असतो, ते तिचे कल्ले. अंगाला जाडी असते, खाली पाय असतो. चपट्या कृमीला कल्ल्यांचा तुरा नाही. त्याची 'शिंगं' म्हणजे पुढची कडच दोन ठिकाणी दुमडून वर आलेली, कागदाचा कोपरा दुमडावा तशी. आणि अंग इतकं पातळ की खडकावर ओल्या पिशवीचा तुकडा चिकटल्यासारखं वाटतं. हात लावू नका, फाटतो. सरकतो तेव्हा पाणी ओघळावं तसा सरकतो, कुठे जोर लावतोय असं दिसतच नाही. काही जाती कडा लाटेसारख्या हलवत पोहतात. तो मुलगा नेमकं हेच विचारत होता.

आता त्या पुसण्याबद्दल. नोंद पुसली की तिच्याखालचं सगळंच जातं. तुमची चूक गेली, गृहस्थांची दुरुस्ती गेली आणि मुलाचा प्रश्नही गेला. उद्या वेंगुर्ल्याची किंवा गुहागरची कोणी बाई तोच जीव बघून तेच नाव टाकायला निघाली, तर तिला वाटेत थांबवणारं काहीच उरलं नाही. खरं तर त्या ॲपवर याची सोय आहे. आपलं मत मागे घेता येतं. तसं केलं की तुमचं जुनं नाव खोडलेलं दिसतं, वर रेघ मारलेलं, पण जागेवर राहतं. खाली कोण काय म्हणालं, का म्हणालं, मग कोणाचं मत बदललं, सगळं ओळीने वाचता येतं. पाटीवरचं गणित पुसायचं आणि वहीतलं खोडायचं, हा फरक आपल्याला शाळेत बाईंनी शिकवला होता. खोडलेलं गणित बाई वाचत असत आणि कुठे चुकलं ते सांगत असत.

तुमचं एक मत आणि त्यांचं एक मत जुळलं नाही, तेव्हा त्या नोंदीचं नाव बहुधा थेट 'प्राणी' इथपर्यंत वर गेलं असणार, कारण तिथल्या वर्गवारीत गोगलगाय आणि कृमी यांचं घराणं त्याच्या अलीकडे कुठे एक होत नाही. हे वाचून मला हसू आलं, तुम्हालाही यावं. तिथला नियम असा आहे की किमान दोघांचं मत हवं आणि दोन-तृतीयांशांहून अधिक लोकांचं प्रजातीवर एकमत झालं, तारीख, जागा, फोटो सगळं असलं, की मग ती नोंद अभ्यासाला चालण्याजोगी धरली जाते. म्हणजे नवशिका चुकणार हे धरूनच ही रचना केलेली आहे. 2008 साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये तीन विद्यार्थ्यांनी पदव्युत्तर अभ्यासाचा प्रकल्प म्हणून आयनॅचरलिस्ट सुरू केलं. तज्ज्ञांनी तज्ज्ञांसाठी बांधलेला तो वाडा नव्हे.

मात्र त्या एकमताला देव मानू नका. 'मलाही तसंच वाटतं' हे बटण न बघता दाबणारे महाभाग पुष्कळ आहेत. मोठं नाव दिसलं की त्याच्यामागे माना डोलावतात. फोटो टाकल्याबरोबर मशीन जे नाव सुचवतं त्याचंही तसंच. 2017 पासून ही सोय आहे आणि फुलपाखरांसाठी ती झकास चालते. पण ज्या जिवांचे पुरेसे फोटो कोणी टाकलेलेच नाहीत, त्यांची नावं त्या मशीनला ठाऊकच नसतात, ते जवळचं दिसणारं काहीतरी ठोकून देतं. आपल्या खडपावरचे कितीतरी जीव त्या जातीतले. तुमचं 'गोगलगाय' हे नाव मशीनने सुचवलेलं होतं का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. मला दाट संशय आहे.

त्या गृहस्थांबद्दल दोन शब्द. त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि बोलण्याची रीत वाईट होती. दोन्ही खरं. अशी माणसं रोज शेकडो फोटो बघतात, कोणी पैसे देत नाही, आणि मग त्यांची भाषा दुकानदाराच्या चिठ्ठीसारखी होते. त्यांच्याकडून नाव घ्या, बाकीचं सोडून द्या. जमलं तर खाली विचारा, 'कशावरून ओळखलंत?' मराठीत लिहिलं तरी कोणी हाकलून देत नाही, हल्ली भाषांतर करून वाचतातच लोक. हा एकच प्रश्न मी इतक्या ठिकाणी वापरलाय! दहातले सहा-सात जण मनापासून समजावून सांगतात. उरलेले गप्प बसतात, तेही सोयीचंच. तो व्हॉट्सॲप गट मात्र सोडा. चुकलेल्या माणसाचा स्क्रीनशॉट फिरवणाऱ्या गटात शिकायला काही नसतं, आणि 'बाहेर पडले' असं तिथे दिसू द्या खुशाल.

तुम्ही काही शिकलात का, हे विचारताय. मी उलट विचारते, तुमच्या वाडीत रापण ओढतात ना? होडी जाळं टाकत अर्धगोल फिरून येते आणि मग किनाऱ्यावरून दोन्ही दोर माणसं ओढतात. लहानपणी तुम्ही तिथे काय करत होता? वाळूत उडालेली मासळी गोळा करत असाल. मग कधीतरी दोराच्या शेवटाला हात लावला असेल. दोर धरायचा कसा, पाय रोवायचे कुठे, हे कोणी फळ्यावर लिहून शिकवलं नाही. जीन लेव्ह नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ बाई 1970 च्या दशकात लायबेरियातल्या शिंप्यांकडे जाऊन राहिल्या. तिथे नवी पोरं आधी तयार कपड्याला इस्त्री करत, बटणं लावत, कडा दुमडत. मग शिवण. कापड बेतणं सगळ्यात शेवटी, कारण बेतण्यात चुकलं तर कापड वाया, बटण चुकलं तर उसवून परत लावता येतं. शिवाय बटण लावता लावता पोराला सबंध अंगरखा कसा असतो ते कळून जातं. पुढे 1991 मध्ये त्यांनी एतियेन वेंगर यांच्याबरोबर हा विचार मांडला की माणूस एखाद्या कामाच्या मंडळींत कडेकडेने शिरतो आणि शिरता शिरता शिकतो. आपल्याला यात नवल वाटू नये, कारण आपण रापण बघितली आहे.

तुम्ही तीनशे नोंदी केल्यात म्हणजे तीनशे बटणं लावलीत. परवा एक उसवलं.

आणि तुम्हाला जे येतं ते त्या गृहस्थांना येत नाही, हेही ध्यानात असू द्या. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे तुम्हाला सासऱ्यांनी किंवा वडलांनी सांगितलं असेलच. बीज असेल तर दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे भरती दीडच्या सुमाराला, आणि तिच्या सहा तास आधी, साडेसातला, पाणी सगळ्यात मागे. पुनव-अवसेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाणाची ओहोटी असते, खडपाचा एरवी न दिसणारा भाग तेव्हा उघडा पडतो. शहरातला अभ्यासक भरतीचं कोष्टक बघून वर्षातून दोनदा येतो. तुम्ही त्याच खडपावर महिन्यातून दोन उधाणं गाठू शकता. कोणता जीव कोणत्या महिन्यात येतो, कधी अंडी घालतो, कुठल्या चिरेत बसतो, हे अशाच माणसाला कळतं. मुंबईत 2017 पासून काही हौशी मंडळी गिरगाव चौपाटी, हाजी अली अशा ठिकाणी ओहोटीला जाऊन हेच करतायत. एवढ्या गर्दीच्या शहराच्या किनाऱ्यावर इतकं काही जिवंत आहे, हे मुंबईकरांना तेव्हा कळलं. तुम्ही मालवणात बसून 'मी काय शिकले' म्हणताय!

डिग्रीचं म्हणाल तर चिरंजीवांना कातळशिल्पांची गोष्ट सांगा. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, कोरलेली ती चित्रं धुंडाळत सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे वर्षानुवर्षं फिरले. पोटापाण्याचा धंदा पुरातत्त्वाचा नव्हे. गावातल्या जाणत्यांना, गुराख्यांना विचारत फिरले. 2022 मध्ये ती शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत लागली. पुढे पुरातत्त्वाचे पदवीधर आले आणि ते यायलाच हवे होते. काळ ठरवणं, जतन करणं ही त्यांची कामं. पण सड्यावर आधी कोण गेलं? मुलाला डिग्रीची काळजी आहे ती मात्र चुकीची नाही. त्याला नोकरी शोधायची आहे, तुम्हाला नाही. या शिकण्यातून कागद मिळत नाही, हे त्याच्यापुढे सरळ मान्य करा आणि विषय बदला.

पाहुण्यांबद्दल. दाखवा, जरूर दाखवा, फक्त 'मला दिसलं ते दाखवते' असं म्हणा. नाव माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, त्याने पाहुणे नाराज होत नाहीत, उलट वाकून बघायला लागतात. पैसे घ्यायचे तर वेळेचे आणि वाट दाखवण्याचे घ्या. काही गोष्टींत मात्र कडक राहा. शंकूसारखा निमुळता, नक्षीदार जिवंत शंख कोणालाही उचलू देऊ नका. त्याला विषारी दात असतो आणि काही जातींचा दंश जिवावर बेततो. समुद्रघोडा, समुद्रकाकडी, प्रवाळ यांना 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे, आठवण म्हणून खिशात घालायची नाहीत. मालवणच्या समुद्राचा काही भाग तर 1987 पासून अभयारण्यच आहे, तेव्हा तुमचा खडप त्यात येतो का ते वनखात्याकडे एकदा विचारून घ्या. उलटलेला दगड परत होता तसा ठेवायचा, त्याच्या पोटाशी कोणाचं तरी घर असतं. पाणी फिरलं की निघायचं, मग पाहुणा कितीही म्हणो एक शेवटचा फोटो. आणि पावसाळ्यात, नारळी पुनवेचा नारळ पडेपर्यंत, कोणाला नेऊ नका, स्वतःही जाऊ नका.

आणखी एक, बाई माणूस म्हणून सांगते. रोज एकाच खडपावरून, एकाच वेळी, एकट्या जात असाल तर नोंदीची जागा अंधुक ठेवायची सोय वापरा. मग लोकांना नेमका ठिपका दिसत नाही, वीसेक किलोमीटरच्या चौकटीत कुठेतरी एवढंच दिसतं. शंख गोळा करून विकणाऱ्यांपासूनही त्यामुळे थोडा बचाव होतो.

सासूबाईंशी भांडू नका. त्यांना खडपावर न्या, नाहीतर निदान फोटो दाखवून विचारा, याला काय म्हणायचे? कालवं काढण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना अशा जिवांची नावं असतात जी कुठे लिहिलेली नसतात. जिवाचं बोलीतलं नाव तिथे भाषेसकट नोंदवता येतं. सासूबाईंनी दिलेलं नाव उद्या कोणी परदेशातला माणूस वाचेल, हे त्यांना सांगून बघा. साराचं मग तुम्ही दोघी मिळून बघा, पिशवी बरोबर असली की फोटोही होतात आणि कालवंही.

त्या जांभळ्या कडेच्या जिवाचा फोटो तुमच्या फोनमध्ये अजून असणार. तो पुन्हा टाका, यावेळी 'चपटा कृमी' एवढंच नाव देऊन, जुनी तारीख आणि जुनीच जागा ठेवून. खाली लिहा की आधी मी याला गोगलगाय म्हटलं होतं. मग त्या मुलाला त्याच्या खात्यावर शोधून उत्तर द्या, चार महिने उशिरा का होईना: अमुक बोटं लांब होता, असा असा सरकत होता. आठवत नसेल तर तसं लिहा. आणि पुढच्या अवसेनंतरच्या बिजेला, सकाळी साडेसातच्या ओहोटीला, तो पुन्हा भेटला तर वरून एक फोटो घ्या, कुशीला पडून बाजूने एक, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून एक, आणि हलताना अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. त्याच्यावर सावली पडू देऊ नका, लगेच चिरेत शिरतो.